डोमेन घेताना नाव-पत्ता किती लपतो?

अरे, पहिलंच डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतोयस ना, मग फॉर्म भरायच्या आधी एवढं वाच. डॉट कॉमचं म्हणशील तर २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा आला तेव्हापासून हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाचं ते दाखवणाऱ्या जाहीर नोंदीत, नाव, घरचा पत्ता, फोन बहुतेक झाकलेलंच असतं, पण राज्य आणि देश दिसतोच. आणि ऑर्गनायझेशनचा रकाना! तिथे लोक सवयीने स्वतःचं नाव टाकतात आणि बऱ्याचदा तेच उघडं पडतं, कंपनी नसेल तर तो सरळ रिकामा सोड. प्रायव्हसी प्रोटेक्शन, म्हणजे नोंदीत तुझी माहिती झाकायची सोय, फुकट देणारा रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) बघ, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस. डॉट इनला मात्र निक्सी (डॉट इन सांभाळणारी संस्था) प्रॉक्सी, म्हणजे तुझ्याऐवजी दुसऱ्याचं नाव दाखवणं, चालू देत नाही, त्यामुळे तिथे हा पर्याय शोधत बसू नकोस.

खोटा पत्ता किंवा ईमेल टाकायचा विचार अजिबात नको, ईमेल १५ दिवसात व्हेरिफाय केला नाही तर डॉट कॉम बंद पडतं. डोमेनसाठी वेगळा ईमेल काढ. प्रायव्हसी पहिल्या दिवसापासूनच चालू ठेव बरं का, कारण जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या साइट्स आहेत, एकदा उघडं पडलेलं तिथून परत घेता येत नाही. आणि रजिस्ट्रारकडे खरी माहिती राहतेच, कोर्टाने मागितली तर तो देणार.