सात वर्षांच्या भाच्याला वडिलांच्या आत्महत्येबद्दल काय सांगावं?

ताई, भाच्याला 'बाबा परगावी गेलेत' असं सांगताय, ते आधी थांबवा. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सात वर्षांच्या मुलापासून लपत नाही. शाळेत कुणीतरी बोलतंच. शिवाय परगावी गेलेला माणूस परत यायला हवा. तो आला नाही की 'मी नकोसा झालो' असं मूल धरून चालतं. 'बाबा झोपलेत' हेही नको, त्याने मुलं झोपायला घाबरतात.

सांगायचं ते आईने सांगावं. तिला जमत नसेल तर तुम्ही सांगा, ती शेजारी बसेल. वाक्यं छोटी हवीत: "बाबा वारले. त्यांचं मन खूप आजारी होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे नाही झालं. आम्ही सगळे तुझ्याजवळ आहोत." कसं केलं, कुठे केलं, हे आपणहून सांगू नका. 'कर्जामुळे' एवढंच कारणही देऊ नका. मग नव्या दप्तराचा हट्ट केला म्हणून बाबा गेले, असं गणित मूल मांडतं. तेच प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारेल, मध्येच खेळायलाही पळेल. उत्तर दर वेळी तेच द्या.

भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "आता तूच घरातला कर्ता." तिथल्या तिथे अडवा, पाहुणे रागावले तरी चालेल.

त्याचं अंथरूण रात्री ओलं होतंय त्यावर रागावू नका, देवालाही नवस नको. झोपण्याआधी लघवी, गादीवर प्लास्टिक, रात्री दिवा चालू. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर मात्र तपासणी करा. शाळेत वर्गशिक्षिकेला आधी भेटा. सुरुवातीला अर्धा दिवस, आणि रडू आलं की कुणाकडे जायचं ते ठरलेलं असावं.

"मला बाबांकडे जायचंय" म्हणाला तर दचकून गप्प करू नका. विचारा, "आठवण येते म्हणून, की मरावंसं वाटतं?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उत्तर 'मरावंसं वाटतं' असं असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आईसाठीही वापरा. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल तरीही दाखवाच.

आणि घरात, गोठ्यात, पत्र्यावर उरलेले फवारणीच्या औषधाचे डबे आजच बाहेर काढा. हे मुलापेक्षा आईसाठी जास्त. ती 'खंबीर दिसते' म्हणून ढिलाई नको.

पैशांचं म्हणाल तर बालसंगोपन योजनेचा (पालक गमावलेल्या मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा) अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा बोनाफाईड आत्ताच एका पिशवीत काढून ठेवा.