प्रतिजैविकांची तुलना करण्याआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा परळला पोहोचला. ब्रॉयलर पिलांच्या श्वसनरोगावर टायलोसिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि अमॉक्सिसिलीन यांची तुलना करण्याचे तू योजले आहेस. तिसरे नाव मात्र खटकले. सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग, याचा मूळ जंतू मायकोप्लाझ्मा. त्याला पेशीभित्तिकाच नसते आणि अमॉक्सिसिलीन तिच्याच बांधणीवर घाव घालते, म्हणून त्याच्यावर ते चालणार नाही. मागाहून शिरणाऱ्या ई. कोलायवर चालू शकेल. तेव्हा तुलना कोणत्या जंतूविरुद्ध करायची, हे आधी ठरव. श्वासाची घरघर राणीखेत आणि आयबी (इन्फेक्शियस ब्राँकायटिस) या विषाणूजन्य रोगांतही ऐकू येते, त्यामुळे प्रयोगशाळेची तपासणी टाळता येणार नाही.

खरी अडचण पुढेच आहे. औषध पाण्यातून दिले की ते एकेका पिलाला नव्हे, साऱ्या कप्प्याला मिळते. म्हणून कप्प्यात 50 पिले असली तरी संख्याशास्त्राच्या हिशेबी निरीक्षण एकच. प्रत्येक औषधाला एकेक कप्पा दिलास, तर दिसलेला फरक औषधाचा की पंख्याजवळच्या जागेचा, हे तुलाच सांगता येणार नाही. प्रत्येक औषधाला अनेक कप्पे दे, ते चिठ्ठ्या टाकून वाट, आणि रोगबाधित पण औषधाविना ठेवलेला एक गट, तसेच एक निरोगी गट अवश्य ठेव. आजारी पिलू पाणी कमी पिते, म्हणून रोजचा पाण्याचा खप मोजल्याशिवाय मात्रा पोटात गेली असे गृहीत धरू नकोस. प्रयोग मुंबईच्या पावसाळ्यात येत असेल तर पिलांखाली अंथरलेल्या तुसाकडेही लक्ष दे: ओल्या तुसातून सुटणारा अमोनिया श्वासनलिकेला इजा करतो आणि औषधाचे श्रेय वा अपश्रेय हिरावून घेतो.

शवविच्छेदनात हवेच्या पिशव्या नीट पाहा. निरोगी पिलात त्या साबणाच्या फुग्यासारख्या पारदर्शक असतात, रोगात गढूळ होतात आणि पुढे त्यांत पिवळट, चिवट थर साचतो. या बदलांना गुण देणाऱ्याला गट ठाऊक नसावा. तू स्वतः गुण देऊ नयेस, हे जरा कठोर वाटेल.

अमेरिकेने कोंबड्यांतील एन्रोफ्लॉक्सॅसिनचा वापर 2005 मध्ये बंद केला, कारण माणसांना बाधणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूमध्ये प्रतिरोध वाढत होता. आपल्याकडे 2019 मध्ये पशुखाद्यातील व कुक्कुटपालनातील कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. कोंबडीला दिलेल्या औषधाचा परिणाम असा माणसापर्यंत पोहोचतो. त्यामुळे वजनवाढ आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागणारे खाद्य) यांच्या जोडीने औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंतचा काळही तक्त्यात हवा.

अमॉक्सिसिलीनच्या जागी टायम्युलिन हे प्रतिजैविक घेण्याचा विचार असेल, तर सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कॉक्सिडिओस्टॅट (आतड्यातील कॉक्सिडिया परजीवींना रोखणारी औषधे) असलेल्या खाद्याबरोबर ते घातक ठरते, हे ध्यानात असू दे. खाद्यातल्या कॉक्सिडिओस्टॅटचे नाव कळवून मगच सुधारित आराखडा पाठव.

तुझा,
मार्गदर्शक