सेमेर, झेमेर आणि वाजंत्री

प्रश्न असा: 1930च्या दशकात बर्लिनमध्ये 'सेमेर' नावाने ज्यू गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्या निघत, हे मालकाचं आडनाव का? आणि त्या तबकड्या इतक्या दुर्मीळ का?

आडनाव नाही. मालक हिर्श लेविन, मूळचा विल्नाचा (आताचं लिथुआनियातलं विल्नियस). बर्लिनच्या ग्रेनाडियरश्ट्रासेवर त्याचं हिब्रू पुस्तकांचं दुकान होतं आणि 1932पासून त्याने स्वतःच्या तबकड्या काढल्या. नाव हिब्रू 'झेमेर', म्हणजे गाणं. यातला झ 'बाजार'मधल्या ज-सारखा म्हणायचा. मग लेबलवर रोमन एस कसा? जर्मनमध्ये शब्दारंभी, स्वरापूर्वी, एसचाच उच्चार तसा होतो. झेड घातला असता तर गिऱ्हाइकाने 'त्सेमेर' वाचलं असतं. तेव्हा कॅटलॉगमध्ये एसखाली शोधा, पण तोंडाने 'सेमर' म्हणू नका. सेमर म्हणजे हिंदीत काटेसावर!

हाच झेमेर 'क्लेझमर'मध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या वाद्यसंगीताच्या नावात, आहे आणि तिथे तर गोंधळच आहे. 'क्लेझमर गाणी' हा प्रयोग सर्रास कानी पडतो. 'क्ले' म्हणजे साधनं. 'क्ले-झेमेर' म्हणजे गाण्याची साधनं, वाद्यं. यिडिशमध्ये, म्हणजे त्याच ज्यूंच्या बोलीत, तो शब्द वाद्यावरून वाजवणाऱ्यावर गेला: एक क्लेझमर, अनेक क्लेझमोरिम. संगीतप्रकाराचं नाव म्हणून तो रुळला 1970च्या दशकानंतर. मराठीत याला अचूक जोड आहे, वाजंत्री. वाजंत्र हे वाद्य, वाजंत्री ते वाजवणारा. क्लेझमरही मुख्यतः लग्नात वाजवणारे. मंगलाष्टकांत ज्यांना गलबला करू नका म्हणून बजावतात, तेच हे. 'वाजंत्री गाणी' आपण म्हणतो का?

पण खरी गंमत झेमेरच्या झ-म-र या हिब्रू धातूत आहे. त्याचे दोन अर्थ: गाणं-वाजवणं आणि द्राक्षवेल छाटणं. आधुनिक कोशकार दोन वेगळे धातू मानून मोकळे होतात. सोयीचं आहे, पण आळशीपणाचं. गेझेनिउस या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन हिब्रू-कोशकाराने जुन्या कोशात दोन्ही एकत्र बांधले होते: बोटांनी खुडणं, मग तार छेडणं, मग गाणं. मला तो पटतो. आपणही तार 'छेडतो'च, आणि बोटाची ती हालचाल फूल खुडण्याहून फार वेगळी नाही. बायबलमधल्या गीतरत्नात (2:12) वसंतात 'झामीर'ची, याच धातूतल्या शब्दाची, वेळ आली असं आहे. ग्रीक आणि लॅटिन भाषांतरकारांनी तिथे छाटणी लिहिली, पुढच्या अनेकांनी गाणं. वसंतात छाटणी कसली, असा आक्षेप घेतात. तिकडे द्राक्षाला हिवाळ्यातली छाटणी एक आणि वेल वाढीला लागल्यावर कोवळे फुटवे काढणं दुसरं; फुटवे काढावे लागतात हे तर नाशिकचा कुठलाही बागायतदार सांगेल. कोशकारांनी एकदा बागेत जावं.

हां, दुर्मीळपणा. नोव्हेंबर 1938च्या ज्यूविरोधी दंगलीत लेविनचं दुकान फोडलं. सुमारे 4,500 तबकड्या आणि 250 धातूचे साचे नष्ट झाले. तबकड्या फुटल्या तर पुन्हा काढता येतात, साचे गेल्यावर नाही. साच्यावर खाचेच्या जागी उंचवटा असतो. तो तापवून मऊ केलेल्या लाखेच्या मिश्रणावर दाबला की तबकडीवर खाच उमटते. साचाच नसला की उरतात फक्त आधी विकल्या गेलेल्या प्रती. त्यांच्यावरूनच पुढे सीडी निघाल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात, आणि झिजलेल्या खाचेची खरखर सुरापेक्षा आधी ऐकू येते.