वाचक विचारतात: पिटहोल

प्रश्न: तेल लागलं की गाव एका वर्षात उभं राहतं म्हणतात, खरंच असं कुठे झालंय का?

उत्तर: हो, झालंय ना! अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातलं पिटहोल. 1865 च्या जानेवारीत तिथे विहिरीला तेल लागलं, मे महिन्यात शेतात प्लॉट पाडले आणि सप्टेंबरपर्यंत वस्ती साधारण 15 हजारावर गेली, पन्नासेक हॉटेलं, थिएटर, पोस्टात तर पत्रांचा नुसता ढीग. रस्ते मात्र चिखलाचे, तेलाची पिंपं भरलेल्या घोडागाड्या त्यातच रुतायच्या आणि गाडीवाले भाडं सांगतील ते द्यावं लागायचं, म्हणून सॅम्युएल व्हॅन सिकल नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याने ऑक्टोबरात 2 इंची लोखंडी पाइप टाकून तेल थेट रेल्वेपर्यंत नेलं. मला तर त्या गाडीवाल्यांचं फार वाईट वाटतं, पोटच गेलं हो त्यांचं, चिडून त्यांनी पाइपलाइन तोडलीसुद्धा.