वाचकांचे प्रश्न : मध्य प्रदेशचे पाणी, पाऊस आणि थंडी

या वेळी आलेल्या पत्रांत मध्य प्रदेशाविषयीची पत्रे इतकी होती की सगळे सदर त्याच राज्याला दिले आहे. समुद्र नसलेले हे राज्य चारी दिशांना नद्या धाडते. विदर्भ आणि खानदेशातल्या कितीतरी गावांचे पिण्याचे पाणी तिकडच्या पावसावर ठरते, म्हणून हा विषय आपल्यासाठी परका नाही.

वर्धेचा उगम मुलताईजवळ सांगतात, तापीचाही मुलताईलाच. मग एक नदी सुरतेकडे आणि दुसरी बंगालच्या उपसागराकडे कशी जाते? मध्ये डोंगर तर दिसत नाही. (एक वाचक, वरुड)

डोंगर नाही हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पाणी दोन बाजूंना वाटायला उंच कडा लागतोच असे नाही, जमिनीला थोडा कल असला तरी पुरते. बैतूल जिल्ह्यातले मुलताईचे पठार बेसाल्टचे आणि बरेचसे सपाट आहे. उंची साधारण साडेसातशे मीटर. तापीचा उगम गावातल्या तलावापाशी मानतात, वर्धेचा त्याच तालुक्यात काही अंतरावर. तापी तिथून पश्चिमेला वळते आणि ७२४ किलोमीटर वाहून अरबी समुद्राला मिळते. वर्धा दक्षिणेला उतरून महाराष्ट्रात येते आणि वैनगंगेला भेटते. या दोघींची प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. म्हणजे एकाच शेताच्या दोन बांधांवर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जाऊ शकतो.

ही वाटणीची रेषा स्वतः शोधता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे ओढ्याला ओलांडतात तिथे त्यांना टोक येते, आणि ते टोक नेहमी ओढ्याच्या वरच्या अंगाला असते. दोन ओढ्यांची टोके एकमेकांकडे तोंड करून जिथे जवळ येतात, त्यांच्या मधून पेन्सिल फिरवत गेलात की विभाजक मिळतो. प्रत्यक्ष जागेवर एक सोपी खूण आहे. रस्ता विभाजकावरूनच जात असेल तर त्यावर मोऱ्या फारच कमी लागतात, कारण ओलांडायला ओढाच नसतो.

अमरकंटकला हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसतो. नर्मदा तिथून पश्चिमेला जाते, जोहिला उत्तरेकडे जाऊन सोनला आणि सोनमार्गे गंगेला मिळते, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे ओढे महानदीकडे उतरतात. नकाशा हाती घेऊन एकदा तरी पाहावी अशी ही जागा आहे.

भंडाऱ्यात ऊन असताना वैनगंगेला पूर येतो. तो आधी ओळखता येईल का? (एक वाचक, पवनी)

बऱ्याच अंशी येईल. त्यासाठी आभाळ भंडाऱ्याचे नव्हे, सिवनी-बालाघाटचे पाहावे लागते. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावते, आधी उत्तरेकडे जाऊन मोठे अर्धवर्तुळ घेते आणि बालाघाटवरून आपल्याकडे येते. वाटेत भीमगडला तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. कन्हान आणि पेंच या नद्याही छिंदवाड्याच्या डोंगरातून निघून शेवटी तिलाच मिळतात.

पावसाची घडण अशी असते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येला सरकते. सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या केंद्रावर पडत नाही, तो केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून हवामान खात्याच्या पत्रकात केंद्र उत्तर छत्तीसगड किंवा मंडला-जबलपूरच्या आसपास दाखवले असेल, तर सिवनी, छिंदवाडा, बालाघाट आणि नागपूर विभाग धोक्याच्या बाजूला आहेत असे समजा. केंद्र रीवा-सतनाच्याही उत्तरेला सरकले असेल तर आपल्याकडचा जोर बहुधा कमी राहतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे महिना. १०० मिमी पाऊस म्हणजे एका चौरस किलोमीटरवर एक लाख घनमीटर पाणी. जूनमध्ये तापलेली जमीन त्यातले पुष्कळ पिऊन टाकते. ऑगस्टअखेर जमीन तुडुंब असते, त्यामुळे तोच पाऊस बहुतेक सगळा नदीत येतो. तिसरी गोष्ट धरणाची पातळी. धरण भरलेले असले की आलेले पाणी खाली सोडण्यावाचून इलाज नसतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्याच दिवसांत नर्मदेने होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, धोक्याची पातळी ओलांडली, आणि भंडारा शहरात वैनगंगेचे पाणी घरांत शिरले. वरून निघालेले पाणी भंडाऱ्याला पोचायला एक ते दोन दिवस लागतात. तेवढा वेळ गुरे हलवायला, मोटार काढायला आणि धान्य माळ्यावर टाकायला पुरतो, फक्त बातमी वेळेवर घ्यायला हवी.

याच चालीमुळे राज्यात पाऊस असमान पडतो. राज्याची जून ते सप्टेंबरची सरासरी ९५० मिमीच्या जवळ आहे. पूर्व आणि दक्षिण भागात जास्त, भिंड-मुरैनाकडे त्याहून बराच कमी. पचमढीला मात्र राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट पडतो, कारण नर्मदेच्या तीनशे मीटरच्या खोऱ्यातून महादेव डोंगर एकदम हजार मीटरच्या वर चढतात आणि ओल्या हवेला उचलतात. तिथला धूपगड १,३५० मीटरचा, सातपुड्यातला सर्वांत उंच.

पायी नर्मदा परिक्रमा करायची आहे. हवामान पाहून कधी निघावे? (एक वाचक, पुणे)

चातुर्मास संपल्यावर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर. ही परंपरा हवामानाशी नेमकी जुळते. तोवर पूर ओसरलेला असतो, पण किनाऱ्याचा गाळ वाळायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. पाय रुतणारी, वरून वाळलेली आणि आतून ओली दलदल हाच नोव्हेंबरातला खरा धोका. काठी टेकून पाहिल्याशिवाय पाण्याजवळच्या गाळावर पाय टाकू नका.

आता हिशेब करा. नदी १,३१२ किलोमीटर, त्यातली १,०७७ मध्य प्रदेशात. दोन्ही काठ मिळून २,६०० किलोमीटर, आणि रोज २० धरले तर १३० दिवस. ओंकारेश्वरहून नोव्हेंबरच्या मध्यात निघून नदी उजव्या हाताला ठेवली, तर डिसेंबरच्या थंडीत आपण समुद्राजवळच्या उबदार पट्ट्यात असता. जानेवारी उत्तर तटावर जातो, आणि अमरकंटक साधारण फेब्रुवारीत येते. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, फेब्रुवारीतही पहाटे हात गारठतात. परतीचा दक्षिण तट मार्चमध्ये लागतो आणि शेवटचे टप्पे, हरदा-खंडव्याकडचे, तापलेले असतात. तिथे चाळिशीला टेकणारे तापमान मार्चअखेरच सुरू होते. म्हणून शेवटचा महिना पहाटे चारला निघून अकराच्या आत थांबायचे ठरवूनच ठेवा. निघायला डिसेंबर उजाडला तर हा टप्पा एप्रिलमध्ये सरकतो. ते टाळावे असे आम्ही आग्रहाने सांगू.

कपड्यांत एक गोधडी किंवा चांगले ब्लँकेट, कानटोपी आणि जानेवारीतल्या पावसासाठी प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. हा पाऊस भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा असतो. तिकडे त्याला मावठा म्हणतात.

सर्वांत महत्त्वाचे : बरगी, इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या धरणांतून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात, तेव्हा निरभ्र आकाशाखाली घाटावरचे पाणी काही मिनिटांत चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक यात्रेकरू असेच वाहून गेले. भोंगा ऐकू आला की सामान सोडून वर या. धरणाखालच्या पट्ट्यात नदीतल्या खडकावर बसून स्नान करू नका आणि वाळूत मुक्काम तर नकोच.

इंदूरहून खरगोनला उतरलो की उन्हाळा एकदम दुसराच वाटतो. तासा-दोन तासांत एवढा फरक कसा? (एक वाचक, इंदूर)

आपण माळव्याच्या पठारावरून विंध्याचा कडा उतरून निमाडात येता. इंदूर सुमारे ५५० मीटरवर, महेश्वरजवळची नर्मदा दीडशेच्या आसपास. कोरडी हवा १०० मीटर खाली उतरली की सुमारे एक अंश तापते, म्हणजे चार अंश नुसत्या उताराचेच झाले. त्यात निमाड विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या खोलगट पट्ट्यात असल्याने वारा कोंडतो. माळव्यात मात्र पठार मोकळे, रात्री आकाश निरभ्र आणि पश्चिमेचा वारा खेळता, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन लवकर निवते. ‘शब-ए-माळवा’चे कौतुक याच रात्रींचे. शहरात काँक्रीट आणि डांबर वाढले तिथे ती रात्र आता उशिरा गार होते. गावाबाहेर शेतात झोपून पाहा, फरक कळेल.

एक गमतीची गोष्ट : चंबळ महूजवळच्या जानापावहून, विंध्याच्या कड्यापासून अगदी जवळ निघते, तरी दक्षिणेला नर्मदेत न उतरता उत्तरेला शेकडो किलोमीटर जाऊन यमुनेला मिळते. सगळ्या माळव्याचा कल उत्तरेकडे आहे.

हरभरा आणि वाटाण्यावर पाला (गोठलेले दव) पडतो. आदल्या दिवशी ओळखून काय करावे? (एक शेतकरी, पांढुर्णा)

मावठा होऊन आकाश स्वच्छ झाले, उत्तरेचा वारा संध्याकाळी पडला आणि हवा कोरडी असली, की त्या रात्री सावध राहा. हवामान केंद्राचे तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर मोजतात. पिकाच्या शेंड्याला त्याहून तीन-चार अंश कमी असू शकते. म्हणजे अंदाजात ४ अंश असेल तर आपल्या वावरात शून्य धरावे. नाल्याकडच्या खोलगट पट्ट्यात आधी, कारण गार हवा जड असते आणि पाण्यासारखी खाली साचते.

संध्याकाळी हलके पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. त्या आठवड्यात डवरणी मात्र करू नका. भुसभुशीत कोरडी माती खालची ऊब वर येऊ देत नाही, आणि नेमके डवरलेल्या शेतात जास्त नुकसान होते. पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात आदल्या दिवशी फवारता येते. धूर करायचा तर मध्यरात्रीनंतर, वाऱ्याच्या वरच्या बांधावर, आणि सूर्योदयापर्यंत टिकेल असा. त्याचा उपयोग हवा स्थिर असेल तरच होतो, म्हणून केवळ धुरावर विसंबू नका. पाला पडून गेल्यावर काळवंडलेले पीक लगेच उपटू नका. आठवडाभर थांबा, खालून फूट येते का पाहा.

माणदेशात ५०० मिमीच्या आसपास पाऊस. टिकमगड-छतरपूरला त्याच्या जवळपास दुप्पट, तरी तिथे टंचाई का? (एक वाचक, दहिवडी)

खडकामुळे. आपल्या बेसाल्टच्या थरांमध्ये सच्छिद्र पट्टे असतात. टिकमगड-छतरपूर ज्यात येतात त्या बुंदेलखंडात अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट आहे, त्यात पाणी फक्त वरच्या कुजलेल्या मुरमात आणि भेगांत राहते. मुरूम थोडाच खोल, त्यामुळे विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात. त्याखाली शंभर मीटर बोअर मारली तरी भेग लागली नाही तर ती कोरडीच.

या भागात क्वार्ट्झच्या लांबच लांब टेकड्या भिंतीसारख्या उभ्या आहेत. चंदेल राजांच्या काळात त्यांच्यामधल्या फटी बांधून तलाव केले, आणि त्या तलावांखालच्या विहिरी आजही जास्त टिकतात. क्वार्ट्झची भिंत जमिनीखालीही पाणी अडवते, म्हणून विहीर तिच्या वरच्या अंगाला घ्यावी, खालच्या अंगाला पाणी मिळण्याची शक्यता कमी. तिथे नव्या बोअरपेक्षा जुन्या तलावाचा गाळ काढणे आणि सांडवा दुरुस्त करणे याला खर्च आधी करावा.

कर्कवृत्तावर सावली नाहीशी होते ती कुठे पाहता येईल? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उज्जैनजवळचे डोंगला कर्कवृत्तावर आहे, तिथे वेधशाळाही आहे. २१ जूनला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण घड्याळात बारा वाजता नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, आणि डोंगला त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून ही वेळ साधारण १२ वाजून २८-२९ मिनिटांची. ओळंबा लावून उभी केलेली सरळ नळी वापरा, काठी थोडी कलली तरी खोटी सावली पडते. खुद्द उज्जैन शहर कर्कवृत्ताच्या जवळपास ३० किलोमीटर दक्षिणेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य दोनदा डोक्यावर येतो, १२ जूनच्या आणि ३० जूनच्या आसपास. जूनच्या मध्यानंतर ढगांची शक्यता वाढत जाते, म्हणून १२ जूनच्या सुमाराला उज्जैनला गेलात तर सूर्य दिसण्याची आशा जास्त.