खोल्या मोजण्याआधी खिडक्या मोजा

वाचकांचे प्रश्न : जुन्या इमारतींचं हॉटेल

प्रश्न : आमची ऑफिसची इमारत दोन वर्षं रिकामी आहे, तिचं हॉटेल करायचं आहे. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजला ३० मीटर लांब, २४ मीटर रुंद. खिडक्या फक्त लांबीच्या दोन बाजूंना, उरलेल्या दोन बाजूंना शेजारच्या इमारती चिकटून आहेत. जिना एकच, एका टोकाला. कंत्राटदार म्हणतो, मजल्यावर तीन रांगांत २४ खोल्या बसतात. मोठा भाऊ तयार आहे, माझं मन धजत नाही.

उत्तर : मधल्या रांगेतल्या आठ खोल्यांना खिडकी कुठून आणणार, एवढंच कंत्राटदाराला विचारा. कागदावर चौरस मीटर भागले की २४ येतात. पण खिडकी नसलेल्या खोलीत पाहुणा एक रात्र काढतो आणि पुन्हा येत नाही. तुमच्या जागी मी मोजपट्टी घेऊन आधी बाहेरच्या भिंतीपाशी गेले असते.

बाथरूम धरून खोली साधारण साडेसात मीटर खोल आणि पावणेचार मीटर रुंद असावी. ३० मीटरच्या एका बाजूला अशा आठ खोल्या बसतात, दोन्ही बाजूंना मिळून सोळा. तुमचे कॉलम एकमेकांपासून साडेसात मीटरवर असतील, तर दोन कॉलममध्ये नीट दोन खोल्या मावतील. ऑफिसच्या इमारतींचं हे एक सुख आहे. सोळातली एक खोली नव्या जिन्याला द्या. तो जिना दुसऱ्या टोकाला आणि खिडकीच्या बाजूला हवा, म्हणजे धूर बाहेर जाईल आणि तळाचं दार थेट उघड्यावर निघेल. ऑफिसातली माणसं जागी असतात आणि त्यांना वाट पाठ असते. हॉटेलातला माणूस रात्री उशिरा आलेला, झोपलेला, इमारत अनोळखी. त्याच्यासाठी दोन वेगळ्या दिशांना दोन जिने हवेतच. या खोलीचा मोह मी कुणालाही धरू देत नाही.

म्हणजे मजल्यावर पंधरा, तीन मजल्यांवर पंचेचाळीस. कंत्राटदाराच्या बहात्तरचा हिशोब भावाने बँकेला दाखवला असेल, तर तो कागद आजच मागे घ्यायला सांगा.

मधे जो काळोखा पट्टा उरेल, त्यात चादरी-टॉवेलची खोली, सामान, मशिनरी जाईल. इंजिनिअरची हरकत नसेल तर बीमना हात न लावता दोन-तीन ठिकाणी स्लॅब कापून वरून उजेड खाली उतरवता येतो.

आता पाणी. खरी परीक्षा इथे आहे. ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात, हॉटेलात १८० लिटर. टाक्या वाढणार, आणि हजार लिटर म्हणजे एक टन वजन, तेही गच्चीवर. शिवाय तुमच्या ऑफिसात संडास एका कोपऱ्यात एकत्र असतील, हॉटेलात ते प्रत्येक खोलीत. संडासाच्या १०० मिलिमीटर पाइपला मीटरमागे अडीच सेंटिमीटर ढाळ हवा. बारा मीटर लांबच्या बाथरूमपासून जुन्या कोपऱ्यापर्यंत पाइप न्यायचा तर ३० सेंटिमीटर उतार झाला! तेवढी जागा ना जमिनीखाली असते, ना खालच्या मजल्याच्या छतात सहज मिळते. म्हणून दर दोन बाथरूमच्या मधे एक उभा डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची बंदिस्त पोकळी, घ्यावा, तळापासून गच्चीपर्यंत एका रेषेत. डक्टचं दार कॉरिडॉरमध्ये उघडू द्या, म्हणजे प्लंबरला पाहुण्याच्या खोलीत शिरावं लागत नाही. हे सगळे पाइप शेवटी तळमजल्याच्या छताखाली गोळा होतात आणि लॉबीची उंची खातात. तळमजल्याची उंची मला कळवा.

पहिल्यांदा ऑफिसचं हॉटेल केलं तेव्हा डक्ट वाचवायला म्हणून मी बाथरूमची जमीन १५ सेंटिमीटरने उचलली आणि पाइप तिच्या पोटात घातला. मालक खूश, मीही. सातव्या महिन्यात एका वयस्कर बाईंचा रात्री त्या पायरीवर तोल गेला आणि मनगट मोडलं. मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी मला काही बोल लावला नाही, फक्त म्हणाल्या, ‘‘अहो, घरी अशी पायरी नाही ना, लक्षातच आलं नाही.’’ त्यानंतर मी बाथरूमच्या दारात पायरी दिलेली नाही. डक्ट बसत नसेल तर काम घेत नाही.

प्रश्न : साठ वर्षांची शाळेची इमारत विकत घेतो आहोत. पाडून नवी बांधावी की हीच वापरावी?

उत्तर : शाळा मला मनापासून आवडतात. एका बाजूला व्हरांडा, दुसऱ्या बाजूला खिडक्यांची रांग, उंच छत. व्हरांडा आयता कॉरिडॉर होतो आणि वर्गाच्या दोन खोल्या होतात. पण आधी काँक्रीट तपासा. कॉलमला छोटं भोक पाडून ताज्या फुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण फवारतात. काँक्रीट निरोगी असेल तिथे ते गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा गेला असेल तिथे रंगच येत नाही. बिनरंगी थर लोखंडापर्यंत पोचला असेल, तर गंजाची शंका धरायची. मग कॉलम उघडून बघावा लागतो. एका कॉलमवर निकाल देऊ नका. गळक्या गच्चीखालचे, संडासाजवळचे आणि कोरडे, तिन्ही प्रकारचे तपासा.

सांगाडा चांगला निघाला तर पाडू नका. त्यातलं सिमेंट आणि लोखंड बनवताना जो धूर व्हायचा तो होऊन गेला आहे. नव्या सांगाड्यासाठी तो पुन्हा होईल. आणि पाइप झाकायला बाथरूमची जमीन विटांच्या तुकड्यांनी भरू देऊ नका. ३० सेंटिमीटर भराव म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ अर्धा टन.

प्रश्न : मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. तुरुंग, विमानतळ यांचीही हॉटेलं झाली आहेत. मग कुठल्याही इमारतीचं हॉटेल होऊ शकतं का?

उत्तर : त्या हॉटेलांचे प्लॅन शोध आणि पाहुणा नेमका झोपतो कुठे, ते बघ. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एरो सारिनेन या आर्किटेक्टचं १९६२ चं वळणदार छताचं टर्मिनल २०१९ मध्ये हॉटेल म्हणून उघडलं. त्याच्या ५१२ खोल्यांपैकी एकही त्या छताखाली नाही. त्या मागे नव्याने बांधलेल्या दोन इमारतींत आहेत. जुन्या टर्मिनलमध्ये लॉबी आणि बसण्या-खाण्याच्या जागा आहेत. मला हा निर्णय फार समंजस वाटतो. त्या छताखाली भिंती घातल्या असत्या तर ते छत कुणाला दिसलंच नसतं.

याउलट स्पेनमधल्या सांतियागोला यात्रेकरूंसाठी बांधलेलं पाच शतकांपूर्वीचं रुग्णालय आहे. १९५४ मध्ये त्याचं हॉटेल झालं. चार चौक आणि त्यांच्याभोवती खोल्या. थकून आलेल्या माणसाला निजायला जागा द्यायची, हेच त्याचं काम आधीपासून होतं. ऑक्सफर्डच्या जुन्या तुरुंगात मात्र कोठड्या इतक्या अरुंद, की शेजारशेजारच्या कोठड्या जोडून एकेक खोली करावी लागली. जाड भिंतींतून दारं पाडण्याचं ते काम किती असेल, ते एकदा कागदावर काढून बघ.

प्रश्न : आमच्या हॉटेलात शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. भिंत तर नवी आहे.

उत्तर : फॉल्स सीलिंगची एक फळी काढून टॉर्च लावा. बहुतेक भिंत सीलिंगपाशीच थांबलेली दिसेल. ती वरच्या स्लॅबपर्यंत चढवा आणि फटी भरा. पाठीला पाठ लावून बसवलेले स्विच बॉक्स असतील तर त्यातला एक बाजूला सरकवा. तरीही आवाज आला तर दाराखालची फट बघा.