हाताने हँडबॅग घडवण्याचे करिअर : सांगलीच्या एका पालकांना उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या यंदा वाणिज्य शाखेतून ७८ टक्के गुणांनी बारावी उत्तीर्ण झाली आहे. मात्र तिला महाविद्यालयात बी.कॉम.साठी प्रवेश घ्यायचा नाही. गेली दोन वर्षे ती घरच्या मशीनवर खणाच्या आणि कॅनव्हासच्या हँडबॅग शिवून मैत्रिणींना आणि इन्स्टाग्रामवरून प्रत्येकी ७०० रुपयांना विकते आहे, आणि आता चामड्याचे काम शिकून स्वतःच्या नावाने बॅगा घडवायच्या, असा तिचा निश्चय आहे. यात पोट भरेल का आणि शिक्षण कोणते घ्यावे, हे आपण विचारले आहे. शिवाय ‘मुलीला चामड्याच्या कामात घातली’ असे नातेवाईक म्हणू लागले तर त्यांना काय उत्तर द्यावे, हेही आपण संकोचाने विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचे दोन प्रश्न मोकळेपणाने सोडवता येणार नाहीत. चामड्याच्या कामाला आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हलके मानले, ते करणाऱ्यांना गावाच्या कडेला ठेवले आणि त्यांच्या हातच्या वस्तू मात्र बिनदिक्कत वापरल्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याची, त्याला आकार देण्याची आणि चामड्याच्याच वादीने ते शिवण्याची जी विद्या आपल्या भागातील चर्मकार कुटुंबांनी सांभाळली, तिच्यावर कोल्हापुरी चप्पल उभी आहे. त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सातारा आणि सोलापूरबरोबर आपला सांगली जिल्हा आहे, तसेच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला कारागिरांचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा महाराष्ट्रातून झालेल्या निषेधानंतर कंपनीला त्यांचे मूळ मान्य करावे लागले. नातेवाइकांना आपण सरळ सांगावे की मुलगी एक विद्या शिकते आहे, आणि ही विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांचा मान आजवर आपण राखला नाही. मुलीलाही एक गोष्ट सांगावी. ज्या कारागिराकडे ती बसेल त्याला ती गुरू मानो, शिकवण्याचा मोबदला ठरवून वेळेवर देवो, आणि पुढे त्याच्या हातचे काम तिच्या बॅगेत असेल तर त्याच्या संमतीने बॅगेसोबतच्या चिठ्ठीत त्याचे नाव लिहो. मोठ्या कंपनीकडून आपण जी अपेक्षा केली, ती सांगलीतल्या एका मुलीकडूनही करायला हवी.

आता शिक्षणाविषयी. या क्षेत्रातील ज्या व्यक्तीची वाटचाल मला आपल्या कन्येसाठी सर्वांत उपयुक्त वाटते ती म्हणजे ज्युडिथ लीबर. त्यांचा जन्म १९२१ मध्ये बुडापेस्टला झाला. मुलीने लंडनला जाऊन रसायनशास्त्र शिकावे, असा घरच्यांचा बेत होता. परंतु महायुद्धामुळे तो बारगळला आणि ती एका हँडबॅगच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली. तेथे तिची सुरुवात झाडलोट करण्यापासून आणि सरस शिजवण्यापासून झाली. पुढे बॅगेचा नमुना काढणे, चामडे कापणे, शिवणे, चौकट बसवणे अशी सर्व कामे शिकून ती तेथील हँडबॅग कारागिरांच्या संघातील पहिली स्त्री सदस्य झाली. ज्यू असल्यामुळे युद्धकाळात जिवावर बेतलेल्या संकटांतून ती वाचली. एका अमेरिकन सैनिकाशी विवाह करून १९४७ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. तेथील कारखान्यांत एका कारागिराने बॅगेचा एकच भाग करायचा, अशी पद्धत होती. ज्युडिथला मात्र पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत संपूर्ण बॅग एकटीने करता येत होती, आणि हेच तिचे भांडवल ठरले. तरीही स्वतःची कंपनी तिने थेट १९६३ मध्ये काढली. तोपर्यंत ती इतरांकडे नोकरीच करत होती. पुढे तिच्या ज्या स्फटिकजडित धातूच्या बॅगा जगप्रसिद्ध झाल्या, त्यांची सुरुवात मुलामा बिघडून आलेल्या डब्यांपासून झाली. खराब दिसणारा भाग झाकण्यासाठी तिने त्यावर खडे बसवले. बिघडलेल्या वस्तूचे काय करता येईल हे अशा वेळी सुचायला ते काम हातात मुरलेले असावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा की पहिले वर्ष तिने ब्रँडचा विचार बाजूला ठेवून हाताच्या कामाला द्यावे. दोन सुया आणि मेण लावलेला दोरा घेऊन एकाच छिद्रातून दोन्ही बाजूंनी टाका घालण्याची शिलाई, रापीने चामड्याची कड छिलून पातळ करणे, आरीने समान अंतरावर छिद्रे पाडणे, कापलेली कड घासून गुळगुळीत करणे, या गोष्टी दिसायला साध्या आहेत. पण त्या रोज केल्याशिवाय येत नाहीत. आपल्या भागातील एखाद्या चर्मकार कारागिराकडे आठवड्यातील चार दिवस ती बसू शकली तर फारच चांगले. पदवीही हवी, असा आपला आग्रह असेल तर तो गैर नाही. त्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करता येईल आणि दिवसाचा बहुतेक वेळ कामासाठी मोकळा राहील.

पूर्णवेळ डिझाइनचे शिक्षण घ्यायचे असेल तर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे निफ्टचा, ॲक्सेसरी डिझाइनमधील चार वर्षांचा बी.डेस., म्हणजे डिझाइनच्या पदवीचा, अभ्यासक्रम आहे. या संस्थेचे मुंबई केंद्र खारघरला आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना प्रवेश परीक्षा देता येते. मात्र शुल्क लाखांच्या घरात जाते, हे लक्षात घ्यावे. चामड्याच्या वस्तूंसाठी फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटचाही अभ्यासक्रम आहे. वांद्रे पूर्व येथील शासकीय तंत्रनिकेतनात चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे तंत्रज्ञानाची पदविका शिकवली जाते; हे नाव पालकांना सहसा माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले. माझ्या मते एक वर्ष हाताने काम केल्यानंतर निफ्टची परीक्षा दिली तर तिला त्या शिक्षणाचा कितीतरी अधिक उपयोग होईल, आणि कदाचित वर्षाअखेरीस तिला त्याची गरजच वाटणार नाही. तो निर्णय तेव्हा घ्यावा.

पोट भरण्याच्या प्रश्नावर मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. आपल्या पत्रातील ७०० रुपये ही किंमत वाचून मला काळजी वाटली. समजा, एका मध्यम आकाराच्या खणाच्या बॅगेला खण, कॅनव्हास, अस्तर, झिप, कड्या आणि दोरा मिळून ४५० रुपये लागतात. वीज, मशीनची दुरुस्ती, वाया गेलेले तुकडे आणि पॅकिंग यांचे १५० रुपये धरले तर ७०० पैकी १०० रुपये उरतात. तेवढ्यासाठी ती सहा तास बसत असेल तर तासाला १७ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तिच्या श्रमाचे तासाला किमान १२० रुपये धरले तर मजुरीच ७२० रुपये होते आणि बॅगेचा खर्च १,३२० रुपयांवर जातो. हीच बॅग एखाद्या दुकानात ३५ टक्के कमिशनवर ठेवली तर किंमत सुमारे २,०३० रुपये असल्याशिवाय तिच्या हाती हे १,३२० रुपये येणार नाहीत, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. महिन्याला २०० तास काम केले तरी निम्मा वेळ खरेदी, छायाचित्रे, ग्राहकांना उत्तरे, पार्सल आणि हिशेब यांत जातो. उरलेल्या शंभर तासांत सोळा बॅगा होतात. त्यांची मजुरी ११,५२० रुपये आणि प्रत्येक बॅगेवर ४०० रुपये नफा मिळाला तर आणखी ६,४०० रुपये, असे मिळून महिन्याचे जवळजवळ १८,००० रुपये होतात. आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या, नुकती सुरुवात केलेल्या मुलीसाठी हे उत्पन्न वाईट नाही. पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घेऊन राहायला ते पुरणार नाही. उत्पन्न वाढते ते हात तयार झाल्यावर, कारण तेव्हा तासाचा दर वाढवता येतो. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचा काळा घोडा महोत्सव अशा ठिकाणी वस्तू हातात घेऊन पाहणारा ग्राहक भेटतो. त्याला २,००० रुपयांची बॅग महाग वाटत नाही. फक्त ती तेवढ्या मोलाची आहे, हे टाक्यांतून दिसावे लागते.

याच हिशेबातून या व्यवसायाची मूल्येही ठरतात, आणि त्यांविषयी आपल्या कन्येने आत्ताच विचार करावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या बॅगा टिकाऊ आणि प्रामाणिक असाव्यात, असे तिने आपल्या पत्रासोबतच्या चिठ्ठीत मला लिहिले आहे. टिकाऊ बॅग म्हणजे दुरुस्त होणारी बॅग. पट्टा शिलाईत कायमचा अडकवण्याऐवजी कडीत अडकवला तर तो पुढे बदलता येतो. झिप अस्तराआधी नीट बसवली आणि अस्तराची एक शिवण उसवता येईल अशी ठेवली तर पाच वर्षांनीही नवी झिप घालता येते. दुरुस्तीचे वचन द्यायचे असेल तर त्यासाठी लागणारा वेळ किमतीत धरावा लागतो, नाहीतर ते वचन पहिल्या वर्षीच मोडते. प्रामाणिकपणाचेही तसेच आहे. कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या हातमागावरचा खण आणि यंत्रमागावरचा पॉलिस्टरचा खण लांबून सारखे दिसतात. दोन्ही वापरायला हरकत नाही, पण ग्राहकाला कोणता दिला हे लिहून द्यावे. रेक्झिनला चामडे म्हणू नये. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे आणि झाडाच्या सालीने कमावलेले चामडे यांचा वास, वजन आणि जुने होण्याची रीत वेगवेगळी असते. आपण कोणते वापरतो आणि का, हे तिला सांगता आले पाहिजे. पंधरा दिवसांत दोनशे बॅगांची मागणी घेऊन कुणी व्यापारी येईल, तेव्हा ती नाकारणे फार अवघड जाईल. ती स्वीकारली तर काम बाहेर, कमी दराने, अनोळखी हातांकडून करून घ्यावे लागेल, आणि मग बॅगेवर तिचे नाव असले तरी ती बॅग तिची राहणार नाही. मदतनीस अवश्य घ्यावा, पण स्वतःच्या श्रमाला जो दर लावला तोच दर त्याच्या श्रमालाही लावून.

कायदेशीर बाबी थोडक्यात सांगते. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करताना बॅगांसाठी १८ वा वर्ग असतो. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. एखादा घाट खरोखर नवा असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली त्याची नोंदणी होऊ शकते. मात्र अर्ज करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले तर तो हक्क गमावण्याची वेळ येते, हे तिला आवर्जून सांगावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे. राज्याच्या आत वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात विक्री सुरू करण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारून घ्यावे.

आपण सहकारी बँकेत नोकरीला आहात, त्यामुळे एक काम आपणच करावे. तिच्या नावाने वेगळे खाते उघडून द्यावे आणि प्रत्येक बॅगेला लागलेला माल व तास लिहिण्याची वही तिला लावून द्यावी. चामडे शिवणारे जड मशीन घेण्यासाठी कर्ज काढण्याचा विचार आपल्या पत्रात आहे, तो कृपया एक वर्ष पुढे ढकलावा. सुया, आरी, रापी, पट्टी आणि कापायचा पाट एवढे सामान काही हजार रुपयांत येते आणि पहिल्या वर्षाला ते पुरते. वर्ष संपताना कोणत्या बॅगा पुन्हा मागवल्या गेल्या आणि कोणत्या कामात सर्वाधिक तास गेले, हे त्या वहीत दिसेल. मग मशीन घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणते, हे तिचे तिलाच ठरवू द्यावे.

आपली,
करिअर समुपदेशक